हात आपोआप निघून जातो

४ मार्च

आलो एकदाचे! सामान उतरवणाऱ्याने दादाची हत्यारांची पेटी उचलली आणि यात काय दगड भरलेत का, असं विचारलं. दादा घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणाला, दगड नाहीत बाबा, वेळ भरलीय, ती जडच असते. सामानवाल्याला विनोद कळला नाही, चहा मात्र त्याने दोनदा मागून घेतला.

घर छान आहे. दोन खोल्या, लांब ओट्याचं स्वयंपाकघर, मागे पाय पसरून बसण्यापुरतं अंगण. भिंतींना आधीच्या बिऱ्हाडाने फिकट हिरवा रंग दिलाय. दवाखान्यात राहायला आल्यासारखं वाटतंय, असं दादाचं तीनदा म्हणून झालं. तळमजला मी मुद्दाम शोधला. दोन वर्षांपूर्वी तो मोठ्या दुखण्यातून उठला, पण दुखणं जाताना पायांच्या नसा बिघडवून गेलं. तळपायांची सारखी आग होते. पाय बादलीत बुडवून जागत बसतो आणि सकाळी मला सांगतो, की काय मस्त झोप लागली. मीही मान डोलावते.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. दादाने कॉलेज सोडलं, दुकान धरलं आणि रोज सकाळी माझ्या वेण्या घातल्या. एक वेणी नेहमी कानाच्या वर यायची. शाळेत पोरी हसायच्या, पण मी कधी ती खाली ओढली नाही. या माणसाला मला पुन्हा सलग झोपलेला बघायचंय. त्यासाठीच ही नोकरी धरली: इथल्या विद्यापीठात नसांच्या आगीवरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होणार आहे.

५ मार्च

माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे, की ते पाटीवर दोन ओळींत मोडलंय. थोडक्यात काम असं: चाचणीत भाग घेणाऱ्या साध्यासुध्या माणसांना, त्यांच्यावर काय प्रयोग होणार आहे, ते साध्यासुध्या शब्दांत लिहून सांगायचं. अकरा वर्षं दहा वर्षांच्या पोरांना विज्ञान शिकवलं. तेच काम, फक्त इथे कुणी बाकाखाली डबा उघडत नाही.

विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. अंगाने अगदी लहानखुऱ्या आहेत, चालताना चपलांचा आवाजही येत नाही. दादाला चाचणीत यायचंय हे मी आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, पण त्याला कुठली गोळी मिळते ते तुम्हाला कधीही कळणार नाही. चाचणीच्या सिस्टर मात्र भरभक्कम आणि बोलक्या. सहभागी माणसांची नावं उच्चारायची इथे बंदी आहे, म्हणून त्या सगळ्यांना धंद्यावरून ओळखतात. त्यांनी मला लगेच ‘मास्तरीणबाई’ करून टाकलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. टेबल खिडकीकडे तोंड करून, पाठीमागे भिंत, भिंतीत हवेची जाळी. तिच्यातून गार झोत थेट मानेवर येतो. दिवसभर कुणी मागे उभं राहून मानेवर हात ठेवतंय असंच वाटत होतं. सिस्टर म्हणाल्या, जुनी इमारत आहे, स्कार्फ आणा. उद्या आणते.

११ मार्च

दादाच्या चाचणीचं माहितीपत्रक मलाच मिळालं! आठवडाभर डोकं खाजवतेय, पण मजा येतेय.

दादालाच समोर बसवून लिहिलं. चाचणी म्हणजे काय? गोळीने खरंच बरं वाटतं, की गोळी घेतली या समाधानाने, हे शोधून काढणं. म्हणून निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना लुटुपुटूची. रंग तोच, कडवटपणा तोच, आत औषध काही नाही. कुणाला कुठली, हे नाणं उडवल्यासारखं संगणक ठरवतो, म्हणजे डॉक्टरांना आपल्या लाडक्या रोग्याला खरी देता येत नाही. घेणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. आंधळी कोशिंबीर, फक्त पट्टी सगळ्यांच्याच डोळ्यांवर. कुणाच्या जिवावर बेतलं तरच त्याला कुठली गोळी ते लिहिलेलं सीलबंद पाकीट मोठ्या बाईंनी फोडायचं. दादा म्हणाला, बडबडे, हे मला बारावीत सांगितलं असतंस तर मी डॉक्टर झालो असतो. तेव्हा मी दोन वर्षांची होते म्हटलं.

एक जागा मात्र अडली. संभाव्य त्रासांच्या यादीत ‘मानेच्या पश्चभागी क्षणिक संवेदना’ असं होतं. आता ही संवेदना कशी असते? गार, गरम, मुंग्या? कुणालाच नीट ठाऊक नाही. उगाच माहीत नसलेलं लिहू नये असा इथला नियम आहे. पण ‘संवेदना’ वाचून माणूस काय कल्पना करणार? मला खोलीतला तो झोत आठवला आणि लिहून टाकलं: ‘काहींना मानेवर मागून कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटेल. घाबरू नये. हात थोड्या वेळाने आपोआप निघून जातो.’

१९ मार्च

आज पत्रक समितीपुढे गेलं. ही समिती चाचणी न्याय्य आहे का ते बघते. तिच्यात एक सभासद असा लागतो, ज्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. तो मान इथे एका निवृत्त शिंप्याचा आहे. सगळे त्यांना आजोबा म्हणतात. ते ओळीखाली बोट फिरवत वाचतात आणि एखादं वाक्य दोनदा वाचावं लागलं तर पत्रक परत. म्हणे मागच्या वर्षी त्यांनी एका नावाजलेल्या डॉक्टरांना सहा वेळा परत पाठवलं.

माझं त्यांनी एकदाच वाचलं. हाताच्या वाक्यापाशी बोट थांबलं, दुसरा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला आणि ते हसले. म्हणाले, हे वाक्य काढू नका हं कुणी, हे मला अंगाला लागलं. मोठ्या बाईंना ते वाक्य यादीत नसल्याचं खटकलं होतं, पण त्यांनीही ते राहू दिलं. मी घरी येईपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

२ एप्रिल

दादाने सही केली, गोळ्यांची डबी घेऊन आला. येताना बसमध्ये त्याला उभं राहावं लागलं, तरी तोंडावर हसू. गोळी कडू आहे म्हणतो. त्यावरून काही कळत नाही, हे त्याला मीच शिकवलंय.

१६ एप्रिल

दादा झोपला. सलग पाच तास! बादली कोरडी होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग चहा उतू घालवला.

चाचणीतही बरं चाललंय. त्रासांच्या तक्रारी सिस्टर माझ्याकडे पाठवतात. बसचालकाला मानेवर गार हात जाणवला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना जाणवला. आणखी बऱ्याच जणांना. सगळे नेमके माझेच शब्द वापरतात, म्हणून सिस्टर मला चिडवत होत्या, की मास्तरीणबाई, तुम्ही तर लोकांना पाठांतर करायला लावलंत. दादालाही दुपारी जाणवतो. तो त्याला ‘पाहुणा’ म्हणतो. येतो, बसतो, जातो का ते मात्र लक्षात राहत नाही म्हणाला.

२४ एप्रिल

बसचालक सांगतो, की हाताला बोटं आहेत. चार डावीकडे, अंगठा उजवीकडे. शिवणवाल्या बाईंनीही तेच सांगितलं, चार डावीकडे, अंगठा उजवीकडे. दोघांची ओळख नाही, येण्याचे दिवसही वेगळे.

इथे एक नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. चाचणी चालू असताना नवीन काही त्रास कळला, तर तो सगळ्या सहभागी लोकांना ताबडतोब, सोप्या शब्दांत कळवायचा आणि त्यांची पुन्हा सही घ्यायची. राहायचं की सोडायचं हे त्यांनी ठरवायचं. अंधारात कुणाला ठेवायचं नाही. तर मी नवं पत्रक लिहिलं: ‘काहींना हाताची बोटं वेगवेगळी जाणवतात. घाबरू नये.’ समितीत आजोबांनी एकदाच वाचलं. आज मफलर गुंडाळून आले होते. मी विचारलं, थंडी वाजते का? ते म्हणाले, वयाची तक्रार, दुसरं काय.

३० एप्रिल

दादाने नवं पत्रक सकाळी चहाबरोबर वाचलं. तो सगळं मोठ्याने वाचतो, वर्तमानपत्रसुद्धा. दुपारी मी डबा धूत होते, तेव्हा खोलीतून म्हणाला, बडबडे, पाहुण्याला बोटं फुटली.

कालपर्यंत नुसता तळवा होता.

मी सिस्टरना विचारलं. सही केलेल्या प्रत्येकाला बोटं जाणवली, सही केली त्याच दिवशी. मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं, की यात नवल नाही. खाज येईल सांगितलं की माणूस खाजवतो. म्हणूनच तर लुटुपुटूची गोळी ठेवतो; त्या गटालाही तितकाच त्रास होत असेल तर तो गोळीचा नाही, सांगण्याचा. पटलं मला. मीच हे पोरांना शिकवत होते की.

दादाची झोप पुन्हा तीन तासांवर आली आहे. पायांमुळे नाही म्हणतो.

७ मे

शिवणवाल्या बाई म्हणतात, हात आता दाबतो. ढकलत नाही, वळवतो. चेहरा मागे वळवायला बघतो. त्या मशीनवर बसतात तेव्हा जास्त. त्यांनी सिस्टरना विचारलं, बाई, याला मला दाखवायचंय तरी काय?

हे सगळ्यांना कळवायला हवं. नियम.

लेखणी उचलवेना. मग एक चलाखी केली. लिहिलं: ‘ग्रीवेच्या पश्चभागी दिशानिष्ठ दाबाची अनुभूती संभवते.’ कुणाला कळलं नाही तर कुणाला होणार नाही. नियमही मोडला नाही.

८ मे

आजोबांनी परत पाठवलं. बैठकीत बोलले, की चार वेळा वाचलं, काही कळलं नाही, बाई तुम्ही असं कधी लिहीत नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना हात जोडले. म्हटलं, जाऊ द्या ना या एका खेपेला. ते माझ्याकडे बघत राहिले, पण मान न हलवता, नुसते डोळे फिरवून. मग मफलर सैल केला आणि म्हणाले, मी एकही गोळी घेतलेली नाही हो. मी फक्त वाचतो.

आणि तरी म्हणाले, लोकांपासून लपवू नका. मला काय होतंय ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी साधं लिहिलं. देवा, मी अगदी साधं लिहिलं.

११ मे

पत्रक गेलं सगळ्यांना. दादालाही.

दादा पाठ भिंतीला लावून बसतो. मान ताठ, जबडा आवळलेला. घड्याळ हातात धरतो पण खाली बघत नाही. खाली वाकलं की त्या हाताला जोर मिळतो म्हणतो. मी बोलले की नुसतं हूं करतो. मी शेक दिला, तेल चोळलं. माझ्या बोटांखाली काहीच नव्हतं, पण कातडी बर्फासारखी. मी हात काढून घेतला याची मला लाज वाटते.

१२ मे

शिवणवाल्या बाई वळल्या.

मुलीला दुपारी सापडल्या. मशीनपुढे बसलेल्या, पाय पायडलवर हलतोय, सुई धावतेय, कापड संपलेलं. चेहरा पूर्ण मागे, खांद्यावरून भिंतीकडे. जिवंत आहेत. श्वास चालू, नाडी चालू. बोलत नाहीत. पापणी लवत नाही. सिस्टर सांगताना हुंदके देत होत्या. म्हणाल्या, काहीतरी बघतायत हो त्या, अजून बघतायत.

घरी आले आणि दादाने काय झालं विचारलं. मी आयुष्यात त्याच्यापासून काही लपवलं नाही. रडत रडत सगळं सांगितलं. कसा चेहरा, कसे डोळे, सगळं. मला समजावून सांगायची सवय.

त्याने पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. मग हळूच म्हणाला, हे तू मला सांगायला नको होतंस गं.

१३ मे

मोठ्या बाईंच्या दारात बसले. पाकीट फोडा म्हटलं. जिवावर बेतलंय. खरी गोळी असेल तर बंद करता येईल, उतारा देता येईल, काहीतरी करता येईल. त्यांनी चाचणीच थांबवली आणि दोन पाकिटं फोडली, शिवणवाल्या बाईंचं आणि दादाचं.

दोघांनाही लुटुपुटूची.

दादाच्या पोटात औषध गेलंच नाही. तो पाच तास झोपला तो नुसत्या विश्वासावर. आता बंद करायचं काय? त्याला माझ्या पत्रकाशिवाय कुणी काहीच दिलेलं नाही.

१४ मे

खोलीतली ती जाळी बंद करून द्या म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने चार स्क्रू काढले. आत भोक नाही. विटा आहेत, गिलावा केलेला, जुना, कोळ्यांची जाळी. म्हणाला, बाई, इथून वारा यायचा संबंधच नाही, ही फक्त शोभेची.

मग पहिल्या दिवशी माझ्या मानेवर—

तो इथेच होता. भिंतीशी उभा. त्याला या खोलीबाहेर जायला कुणीतरी सोप्या शब्दांत लिहायला हवं होतं.

१५ मे

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. बोलताना त्यांचा एक हात मानेवर होता, घट्ट. आणि म्हणाल्या, चाचणी थांबली तरी लोकांना कळवणं थांबत नाही. एक सहभागी वळली आणि तिचं पुढे काय झालं, हे जाणून घ्यायचा प्रत्येकाला हक्क आहे.

हक्क आहे. मीच बोलले असते असं. हक्कच आहे त्यांचा, आणि ते वाचतील आणि सगळे वळतील.

मी नाही म्हटलं. मग सिस्टर लिहितील म्हणाल्या. परवापर्यंत गेलंच पाहिजे. आणि न कळवून तरी काय? पूर्ण वळाल असं शिवणवाल्या बाईंना कुठे कुणी सांगितलं होतं?

१६ मे

दादा वळतोय.

सकाळपासून. आधी हनुवटी खांद्याकडे, मग गाल. मी त्याच्यासमोर पाटावर बसून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरलाय. सोडलं की सरकतो. मानेच्या शिरा टरटरून फुगल्यात. तो शक्ती लावतोय, मी लावतेय, आणि मागून कुणाला घाईच नाही.

पाणी पाजलं तर अर्धं सांडलं. म्हणतो, बडबडे, दमलीस तर सोड. वेड्या, मी सोडेन?

हे मांडीवर वही घेऊन एका हाताने लिहितेय. म्हणून असं अक्षर.

१७ मे, पहाट

एक कळलं.

मी लिहिलं ते सगळं खरं झालं. गार हात. बोटं. वळवणं. एकच वाक्य खरं झालं नाही, सगळ्यात पहिलं. हात आपोआप निघून जातो.

का नाही झालं? पोरांना शिकवताना म्हणायचे, ओल्या कपड्यातलं पाणी निघून जातं. लगेच हात वर व्हायचे. जातं म्हणजे कुठे, बाई? सांगितल्याशिवाय सोडायची नाहीत. हवेत जातं, ढगात जातं. कुठे ते कळलं की त्यांना पटायचं.

या खेपेला कुणीच विचारलं नाही. आजोबांनीही नाही. मी लिहिलं जातो आणि कुठे ते लिहिलंच नाही. मग तो जाणार कुठे!

कुठेतरी पाठवायला हवा. दुसऱ्या कुणाचं नाव घालवत नाही. घालून बघितलं, मनात. मोठ्या बाईंचं. नाही होत.

१७ मे

लिहिलं. सगळ्यात सोपं लिहिलंय आजवरचं.

‘हात आता तुमच्या मानेवरून निघेल. तो हे पत्रक लिहिणाऱ्या बाईकडे जाईल. ती त्याची वाट पाहते आहे. एकदा गेला की परत येणार नाही.’

दादापुढे धरलं. मला वाटलं, आधी काय आहे ते विचारेल. पण सवयच त्याला, लागला मोठ्याने वाचायला. लिहिणाऱ्या बाईकडे इथे आला आणि थांबला. डोळे मोठे झाले. नाही म्हणाला. नाही, नाही, फाड ते. पण वाचून झालं होतं.

त्याची मान माझ्या हातात सैल पडली.

मग केवढा ओरडला माझ्यावर. लहानपणीसुद्धा असा कधी ओरडला नव्हता. ओरडता ओरडता मान इकडे तिकडे हलवत होता, आणि ते बघून मला हसू आलं, खरंच आलं.

माझ्या मानेवर गार. चार डावीकडे. अंगठा उजवीकडे. मी स्कार्फ काढून ठेवला.

सिस्टरना त्यांच्या पत्रकाऐवजी हे पत्रक दिलं. आजच वाटा म्हटलं.

१८ मे

बसचालकाने वाचलं. मला कळलं ते सिस्टरच्या फोनआधी. पहिल्या हातावर दुसरा.

मग एकामागून एक. मोजणं सोडलंय. जागा नाही तरी मावतात.

शिवणवाल्या बाईंना मुलीने कानात वाचून दाखवलं. त्यांनी चेहरा पुढे आणला. पाणी मागितलं.

पाणी मागितलं! हे बरं झालं. हे किती बरं झालं—

आजोबांनी निरोप पाठवला. एकदाच वाचलं. कळलं. रडतोय.

१९ मे

आता दादा समोर पाटावर. माझा चेहरा त्याच्या हातांत. घड्याळवाल्याचे हात, हलत नाहीत. ते गरम आहेत. तेवढेच कळतात वेगळे.

त्याचे पाय पेटलेत पुन्हा. बादली नाही. हलता येत नाही त्याला, हललं की मी—

सगळे एकाच बाजूला ओढतात. घाई नाही त्यांना.

दादा म्हणतो लिही. स्वतःसाठी लिही. तुझ्या मानेवरून निघून कुठे जातो ते. माझं नाव लिही, मी सांगतोय ना, मोठा आहे मी तुझ्यापेक्षा, ऐक—

नाही लिहिणार.

कुणाचंच नाही. जो हे वाचेल त्याचं पण—

दादाची बोटं घामाने घसरतायत. म्हणतो, अगं काहीतरी लिही, नुसतं पहिलं वाक्य लिही, बडबडे, लिही—

लिहिते.

मानेवर मागून कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटेल. घाबरू नये. हात थोड्या वेळाने आपोआप